उसनी ऊब

शुक्रवारी रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलमध्ये दोन प्रकारची माणसं असतात. पहिली कामावरून घरी परतणारी. ती झोपेतसुद्धा स्टेशनं मोजतात आणि टिटवाळा, खडवली, आसनगाव आलं की बरोबर उठतात. दुसरी पाठीला सॅक लावून घरून निघालेली. ती दारात उभी राहून गाणी म्हणतात आणि पहिल्यांच्या शिव्या खातात. डिसेंबरातल्या त्या रात्री मी दुसऱ्या टोळीत होते. कल्याण-डोंबिवलीच्या एका युवा मंडळाची पंचवीसेक मुलंमुली, अठरा ते चोवीस वयाची, आणि त्यांच्याबरोबर भूगोल शिकवून निवृत्त झालेली मी. माझी निवड काही गुणवत्तेवर झाली नव्हती. रात्रीच्या मुक्कामाला मुलींना घरून परवानगी मिळायची तर कुणीतरी मोठं बाईमाणूस सोबत लागतं, आणि त्यातल्या निम्म्या पोरांना मी शाळेत शिकवलेलं. ‘बाई येणार आहेत’ एवढ्या आश्वासनावर अडलेल्या परवानग्या सुटल्या, असं नंतर कळलं.

जायचं होतं रतनवाडीला. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या पार टोकाला, रतनगडाच्या पायथ्याशी हे गाव आहे. शिबिराची पत्रिका छापून तयार होती. सकाळी सहा वाजता योगासनं, मग ‘युवक आणि नेतृत्व’, ‘वेळेचं नियोजन’, ‘आपत्ती व्यवस्थापन’ अशी सत्रं, संध्याकाळी गटचर्चा, रात्री नऊ ते दहा शेकोटी. थंडीचा उल्लेख पत्रिकेत एकाच ठिकाणी होता, अगदी तळाला: ‘शिबिरार्थींनी गरम कपडे आणावेत.’

मुंबईच्या बाजूच्या माणसाला थंडीची फार हौस. डिसेंबर-जानेवारीत दोन-चार दिवस पारा जरा उतरला की कानटोप्या बाहेर पडतात, टपरीवरचा चहा दोन्ही हातांत धरून प्यायला जातो, आणि ‘काय मस्त थंडी पडलीय’ हे वाक्य दिवसभर फिरत राहतं. निफाडच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला हे आम्ही पेपरात वाचतो ते क्रिकेटचा धावफलक वाचल्यासारखं. आमची थंडी हौसेची, कारण ती आमच्या दारात राहायला येत नाही. समुद्र जवळ असला की तो दिवसा तापू देत नाही आणि रात्री निवू देत नाही. ही मेहेरबानी कसारा घाटाच्या पायथ्यापर्यंतच चालते.

कसाऱ्याला उतरलो तेव्हा जीपवाले थांबलेलेच होते. घाट चढून वर पठारावर आलो आणि जीपच्या मागच्या बाकावरचं गाणं एका कडव्यात मिटलं. घोटीला चहा झाला, बारी मागे पडली. कळसूबाई अंधारात दिसत नव्हती, पण एरवी त्या वळणावर तिच्याकडे बोट दाखवल्याशिवाय जीप पुढे जात नाही. शेंडी गाव, मग मुतखेल, कोलटेंभे करत रस्ता जलाशयाच्या कडेकडेने रतनवाडीला जातो. उजाडताना पाणी दिसलं. सगळ्या जलाशयावरून वाफ निघत होती. रात्रभरात हवा निवली होती आणि पाणी अजून निवलेलं नव्हतं, म्हणून ती वाफ. वर्गात मी हे पन्नास वेळा सांगितलं असेल. पोरांनी मात्र मोबाइल काढले आणि फोटो काढायला हातमोजे उतरवल्यावर त्यांना पहिला खरा धडा मिळाला.

योगासनांची वेळ टळून गेली होती. त्याबद्दल कुणी हळहळलं नाही.

ज्यांच्याकडे उतरायचं होतं त्या मावशींचं घर गावाच्या वरच्या अंगाला होतं. जुनं घर कौलारू, कारवीच्या कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या, आत शिरल्यावर उजव्या हाताला गोठा. शेजारी सिमेंटची नवी खोली, वर पत्रा. मंडळाच्या पोरांना नवी खोली देऊ केली होती. मावशींची स्वतःची माणसं जुन्या घरात निजतात. मी कारण विचारलं तर मावशी म्हणाल्या, “पत्रा राती गार पडतो बाई, पहाटंला टिपकं गळत्यात. हिकडं गुरं हायेत, चूल हाये.” बैल, गाय आणि माणूस एका छपराखाली का, याचं उत्तर एका ओळीत मिळालं. गुरांच्या अंगाची ऊब त्या घराच्या हिशेबात धरलेली होती. कूड भिंतीसारखा पक्का नसतो, त्यातून चुलीचा धूर हळूहळू बाहेर निघतो आणि कौलांखाली पसरताना लाकूडही वाळवतो. कारवीची काठी जंगलातली. सात वर्षांनी एकदा फुलणारी ही झुडपं फुलून सुकली की काठ्या घरांच्या कामी येतात.

पोरांना मात्र तंबूतच राहायचं होतं. ते कुठे लावायचे यावर पहिली चर्चा झाली. भात कापून झालेली खाचरं खाली पाण्याच्या बाजूला मोकळी पडली होती; तिथून गड आणि जलाशय एका चौकटीत येत होते. मावशींचा पुतण्या, जो आमचा वाटाड्या होता, म्हणाला, “खाली नका लावू, तिथं गारठा साठतो.” मंडळाची कार्यवाह मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिने विचारलं, “साठतो म्हणजे?” पुतण्याला शास्त्र सांगता येईना, मला येत होतं. गार हवा जड असते, रात्री ती डोंगरउतारावरून पाण्यासारखी वाहत खाली येते आणि सखल जागी जमते. खाचर म्हणजे तिचं तळंच. मी सांगितलं, सगळ्यांनी मान डोलावली, आणि बहुमताने तंबू खाचरात लागले. फोटो चांगले येणार होते.

थोडं खाऊन गडावर निघालो. रतनवाडीतून रतनगडाची वाट आधी ओढ्याच्या काठाने जाते. हा साधा ओढा नव्हे, ही प्रवरा. गडाच्या अंगावर उगम पावून ती इथून भंडारदऱ्याच्या जलाशयात शिरते, पुढे रंधा धबधब्यावरून उडी घेते, अकोले, संगमनेर करत नेवाशाला जाते आणि प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. नेवाशाचं नाव निघाल्यावर एका मुलाने विचारलं, “ज्ञानेश्वरीवालं नेवासं?” तेच. शके १२१२ मध्ये ज्या नदीकाठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिचं हे पहिलं पाणी. पोरांनी बाटल्या भरून घेतल्या. पाणी इतकं गार होतं की बाटलीवरचे हात बदलावे लागत होते.

जंगलात डिसेंबरातसुद्धा सकाळी नऊपर्यंत ऊन खाली पोहोचत नाही. झाडीतून चालताना घाम येत होता आणि थांबलं की तोच घाम पाठीवर गार होत होता. दुफाटा लागतो तिथे डावीकडची वाट कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते, उजवीकडची रतनगडावर. वर कड्याशी लोखंडी शिड्या आहेत. दिवसभर उन्हात तापायच्या आधी हे लोखंड हातात धरवत नाही. दहा मिनिटांपूर्वी हातमोज्यांवरून टिंगल करणारा एक जण शिडीच्या निम्म्यावर थांबून खालच्याकडे हातमोजे मागत होता. वाटाड्या उघड्या हातांनी, पायात रबरी चपला घालून शिडीच्या बाजूच्या खडकावरून वर गेला आणि माझी पिशवीही घेऊन गेला.

गणेश दरवाजा ओलांडून वर आलं की गुहा लागते. तिथे रत्नादेवीचं ठाणं आहे. पुढे कड्याच्या कडेने हनुमान दरवाजा, राणीचा हुडा म्हणतात तो बुरुज, पाण्याची खोदीव टाकी. टाक्यांतलं पाणी स्थिर, तळ दिसण्याइतकं स्वच्छ. आणि सगळ्यात शेवटी माथ्यावर नेढं. सुईला असतं तसं डोंगराला आरपार पडलेलं भोक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा हा काळा पाषाण. त्यातला ठिसूळ भाग वारा-पावसाने झिजून निघून गेला आणि टणक तेवढा कमानीसारखा राहिला. अख्खी टोळी बसू शकेल एवढी आत जागा आहे. आम्ही बसलोही, पण फार वेळ बसवेना. पश्चिमेकडचं कोकण आणि पूर्वेकडचं पठार यांच्यामधला सगळा वारा त्या भोकातून वाट काढत होता. अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाई एका बाजूला, आजोबा आणि हरिश्चंद्रगड दुसऱ्या बाजूला, खाली जलाशयाचे फाटे. सेल्फी काढताना दात वाजत होते, म्हणून फोटोत सगळे हसल्यासारखे आले आहेत.

नेढ्यातून ते पाणी पाहताना वाटाड्याशी बोलणं झालं. हे धरण इंग्रजांनी १९१० मध्ये बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पुरं केलं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. इथे अडवलेलं पाणी खाली ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांना जातं. संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडचा ऊस, त्यावरची सहकारी साखर कारखानदारी, सगळ्याचं मूळ या पाण्यात. आणि पाण्याच्या काठावरचं रतनवाडी पावसावर भात नि नाचणी पिकवून गप्प. पावसाळ्यात घाटघर-रतनवाडीच्या पावसाचे आकडे रोज पेपरात येतात, पण तो पाऊस उतारावरून वाहून जातो आणि दिवाळीनंतर शेतात काम उरत नाही. वाटाड्याला सोमवारपासून नारायणगावच्या बाजूला काम होतं, कांद्याच्या लागणीचं. आठवडाभर तिकडे, शनिवार-रविवार इकडे पर्यटकांबरोबर. “मग सुट्टी कधी?” या प्रश्नावर तो हसला. आमचा सुट्टीचा वार ही त्याची कामाची पाळी होती. वयाने तो आमच्यातल्या पोरांएवढाच, एकवीस-बावीसचा.

उतरून गावात आलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. डोंगरातल्या गावाला संध्याकाळ लवकर होते. आकाश उजळ असतं आणि जमीन गारठायला लागलेली असते. पत्रिकेप्रमाणे गटचर्चेची वेळ होती. विषय ‘युवक आणि नेतृत्व’. गट पाडले, सतरंजी पसरली, आणि पाच मिनिटांत प्रत्येक गटातला एकेक जण काहीतरी कारण काढून मावशींच्या चुलीपाशी गेला. दहा मिनिटांनी गटात बोलायला कुणी उरलं नाही. कार्यवाह मुलगी आधी चिडली, मग तीही आत आली.

आत हुलग्याच्या शेंगोळ्यांची तयारी चालली होती. अकोले-जुन्नरकडच्या थंडीतलं हे जेवण. मावशींनी हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घातलं होतं, मीठ-हळद, थोडं तेल, आणि पीठ घट्ट भिजवून परातीत ठेवलं होतं. त्यातली चिमूटभर घ्यायची, दोन तळव्यांत वळून लांबट करायची, टोकं जुळवून कडं करायचं की झालं शेंगोळं. दिसायला सोपं. पोरांची कडी तुटत होती, कुणाचं बोटाएवढं जाड, कुणाचं दोऱ्यासारखं. मावशी न बघता वळत होत्या आणि मधूनच कुणाचं तरी बिघडलेलं मोडून परत देत होत्या: “जाड ऱ्हायलं तं मधी कच्चं ऱ्हातं.” चुलीवर फोडणीचं पाणी उकळत होतं. उकळी चांगली फुटल्याशिवाय एकही शेंगोळं आत टाकायचं नाही, नाहीतर पीठ सुटून पिठलं होतं. पोरं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती, हात पिठाचे, नाक लाल, आणि त्या रांगेत कोण कुठल्या गटातलं हे कुणाला आठवत नव्हतं. एक मुलगी, जी सकाळपासून कानात इअरफोन घालून होती, ती पोरांना कामं वाटून देऊ लागली: तू वळ, तू ताटं पूस, तू पाणी आण, आणि दार लोटून घे. नेतृत्वाचं सत्र बहुतेक तेच झालं.

शेंगोळ्यांचा तो तिखट रस्सा आणि नाचणीची भाकरी पोटात गेल्यावर सगळ्यांना हुरूप आला. शेकोटीची वेळ झाली. ठरलेल्या पैशांत लाकडाची एक मोळी धरलेली होती. पोरांनी ती खाचरात नेऊन एकदम रचली, वरून वाळलं गवत टाकलं, आणि पुरुषभर उंच जाळ केला. स्पीकरवर गाणी लागली, नाच झाला, व्हिडिओ झाले. पाऊण तासात मोळी संपली. जाळ असतो तोवर समोरून भाजतं आणि पाठ गारच असते. जाळ विझला की पुढची बाजूही गार. पावणेदहाला दोघं मावशींकडे दुसरी मोळी मागायला गेली. पैसे द्यायची तयारी होती.

मावशींनी मोळी दिली, पण पोरांना आधी जवळ बसवून घेतलं. “पोराहो, ही पावसाळ्याची फाटी हायेत,” त्या म्हणाल्या. “आखाडात रानात कोरडं लाकूड घावत नाय, तवा ह्यावर चूल चालती.”

मग हळूहळू सगळा हिशेब बाहेर आला. भोवतालचं जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातलं. १९८६ मध्ये ते जाहीर झालं. तिथे हवं तेव्हा कुऱ्हाड घेऊन शिरता येत नाही. सरपण म्हणजे बांधावरच्या झाडांच्या फांद्या आणि वाळलेलं-पडलेलं गोळा केलेलं. त्यातलाही कवळा भाग उन्हाळ्यात राबाला लागतो; भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून भाजतात, तो राब. उरलेलं चार महिन्यांच्या पावसासाठी घरात रचून ठेवायचं. एका मोळीला मावशींचा अर्धा दिवस जातो, आणि ती डोक्यावरून येते. पोरांनी पाऊण तासात मावशींचा अर्धा दिवस जाळला होता. हे मावशी बोलल्या नाहीत. बी.कॉम.ला असलेल्या एका पोराने मोबाइलवर गुणाकार करून सांगितलं. पुढे हिशेब करायची गरज पडली नाही.

दुसरी मोळी वेगळी जळली. वाटाड्याने तीन जाड ओंडके घेतले, तोंडाला तोंड भिडवून जमिनीवर ठेवले आणि मधल्या जागेत दोन-चार काटक्या पेटवल्या. जाळ नाहीच जवळजवळ. नुसता लाल विस्तव. टोकं जळत आली की ओंडका इंचभर पुढे सरकवायचा. बसायचं वाऱ्याकडे पाठ करून, एकमेकांना खेटून, गोधडी दोघांत एक. स्पीकर आपोआप बंद झाला, कारण तो लावायला उठावं लागत होतं. त्या तीन ओंडक्यांवर पहाटेपर्यंत निभावलं.

आमच्या काळातली शिबिरं मला आठवत होती. महाराष्ट्रात शिबिर म्हटलं की श्रमदान हे ठरलेलं. बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिथे कित्येक पिढ्यांच्या हातांना फोड आले. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली आणि प्रत्येक कॉलेजचं हिवाळी शिबिर एखाद्या खेड्यात जायला लागलं. मीही अशा शिबिरात शोषखड्डे खणले आहेत. ते काम गावाला हवं होतं की आम्हाला, हे तेव्हा आम्ही विचारलं नाही. आता खड्डे गेले आणि व्याख्याते आले. दोन्हींत एक गोष्ट सारखीच: काय शिकायचं ते आधी ठरलेलं असतं. रतनवाडीत शिकवणाऱ्याने पत्रिका वाचलेली नव्हती.

दहाच्या सुमाराला चंद्र मावळला आणि आकाश उघडलं. डोंबिवलीत वाढलेल्या पोरांनी एवढे तारे पाहिलेलेच नव्हते. डोक्यावर कृत्तिकांचा झुबका, रोहिणीचा तांबूस ठिपका, मृगाचे तीन तारे, त्यांच्या रेषेत खाली व्याध. आणि पूर्वेकडून वर आलेल्या मिथुनेतून मधूनमधून उल्का सुटत होत्या. मिथुन राशीचा हा उल्कावर्षाव दर डिसेंबरात असतो. १३-१४ तारखेच्या रात्री तो ऐन भरात येतो. आम्ही एकदोन रात्रींनी उशिरा पोहोचलो होतो, तरी मिळत होत्या. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून होतात. या वर्षावाची धूळ मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाची मानतात. तो १९८३ मध्ये एका अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून सापडला. बुधाच्याही कक्षेच्या आत शिरून सूर्याजवळून जातो. सूर्याने भाजून निघालेला हा खडक आणि त्याच्या कणांचा वर्षाव आम्ही कुडकुडत पाहत होतो. मोजायचं ठरलं, वहीही काढली, पण बोटं पेन धरेनात. प्रत्येक उल्केला एक जण ‘ती बघ’ म्हणायचा आणि बाकीच्यांना ती दिसलेली नसायची.

ढगविरहित आकाशाची ही किंमत असते. ढग पांघरुणाचं काम करतात. ते नसले की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. तारे जितके स्वच्छ तितका गारठा जास्त. बाराच्या पुढे खाचरातल्या तंबूंच्या आतल्या बाजूला श्वासाचं पाणी जमायला लागलं. एकाने झोपेत कूस बदलली, त्याचा हात कापडाला लागला आणि गार थेंबांचा सडा तिघांच्या तोंडावर पडला. दोनच्या सुमाराला खालून टॉर्चची रांग चढावर येताना दिसली. तंबू तिथेच उभे ठेवून, स्लीपिंग बॅगा खांद्यावर टाकून निम्मं शिबिर मावशींच्या पडवीत आलं. मावशी उठल्या, काही न बोलता त्यांनी दोन घोंगड्या आणि भाताच्या पेंढ्याचा एक भारा दिला. पेंढा खाली पसरला की जमिनीचा गारठा वर येत नाही. गोठ्यातल्या बैलाने मान वळवून सगळ्यांकडे पाहिलं आणि रवंथ चालू ठेवला. सकाळी विचारलं तर प्रत्येकाने सांगितलं की आपण दुसऱ्यासाठी म्हणून वर आलो.

पहाटे साडेपाचला मला जाग आली ती फुंकणीच्या आवाजाने. मावशी चुलीपुढे बसल्या होत्या. काडेपेटी दिसत नव्हती. रात्री त्यांनी मोठे निखारे एका बाजूला ओढून त्यावर राखेचा जाड थर चढवला होता. राख हवा फारशी आत जाऊ देत नाही, त्यामुळे निखारा जळून संपत नाही आणि विझतही नाही, नुसता धुमसत राहतो. आता त्यांनी राख हलक्या हाताने सारली, खाली लालसर डोळे उघडले, वर वाळक्या गोवरीचा तुकडा आणि करवंदीच्या बारीक काटक्या ठेवल्या, फुंकणीने दोन-तीन लांब फुंकरा घातल्या, आणि जाळ धरला. माझ्या मागे तीन-चार पोरं येऊन उभी होती हे मला मग कळलं. कार्यवाह मुलीने विचारलं, “मावशी, काडी कधी लावता मग?”

“विझली तं,” मावशी म्हणाल्या. “कशापायी विझवायची?”

चहा झाला. वैलावर आंघोळीचं पाणी तापत होतं, पण मोळीचा हिशेब डोक्यात असल्यामुळे आंघोळ हवी म्हणणारं कुणी निघेना. तोंड धुवायला गार पाणी चालेल, असं एकमताने ठरलं.

सकाळी अमृतेश्वराच्या देवळात गेलो. शिलाहारांच्या काळातलं हे दगडी देऊळ, बाहेरच्या भिंतीवर बारीक कोरीव काम, जवळच पायऱ्यांची पुष्करणी. तिच्या भिंतींत कोनाडे आहेत आणि त्यांत मूर्ती. हजारएक वर्षांपूर्वी कुणीतरी याच गारठ्यात बसून हातोडी-छिन्नी चालवली असेल, हा विचार त्या सकाळी सहज आला. एरवी आला नसता. देवळापासून गडाच्या वाटेवर थोडं वरपर्यंत पोरांनी कचरा उचलला. वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, कपात मिळणाऱ्या नूडल्सचे डबे. गोण्या भरल्या. आदल्या रात्रीच्या आमच्याच खाचरातून एक गोणी भरली, ती सर्वांत आधी भरली. ‘आपत्ती व्यवस्थापन’ आणि ‘वेळेचं नियोजन’ ही सत्रं राहून गेली ती राहूनच गेली.

निघताना पैसे चुकते केले. दुसऱ्या मोळीचे पैसे मावशींनी पहिल्या मोळीइतकेच घेतले, पोरांनी जास्त देऊ केले तर म्हणाल्या, “पैशाचं काय करू? फाटी आणायला तं मलाच जायाचं हाये.” यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. वाटाड्या आमच्याच जीपमधून शेंडीपर्यंत आला. तिथून त्याला दुसरी गाडी पकडून अकोल्याला आणि पुढे नारायणगावच्या बाजूला जायचं होतं. पिशवीत दोन कपडे आणि एक घोंगडी. शेताच्या बांधावरच निजायचं असतं, असं त्याने सांगितलं.

कसाऱ्याहून परतीच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली. कार्यवाह मुलीने पत्रिका काढली, तिच्या कोऱ्या पाठीवर पुढच्या शिबिराची यादी करायला घेतली, आणि डब्यातल्या सगळ्यांनी आपापली भर घातली. व्याख्याते नकोत. स्पीकर घरी ठेवायचा. तंबू वरच्या अंगाला, जिथे सांगतील तिथे. प्रत्येकाने एक घोंगडी आणायची आणि तिथेच ठेवून यायची. शेकोटी एकच, तीन ओंडक्यांची. मावशींना आठ दिवस आधी कळवायचं. मग त्या बी.कॉम.च्या पोराने प्रश्न काढला: फाटी आणायला मावशींनाच जावं लागतं, तर आपण पंचवीस जण शुक्रवारी पोहोचून शनिवारची सकाळ त्यांच्याबरोबर फाटी आणायला का जात नाही? कुणी म्हणालं, अभयारण्याचं जंगल, वनखात्याला विचारावं लागेल. कुणी म्हणालं, बांधावरची तरी आणू. मोळी डोक्यावरून नेता येते का, यावर आसनगावपर्यंत वाद झाला. शेवटी यादीत पहिल्या क्रमांकावर सरपण आलं आणि योगासनं कुणी घातलीच नाहीत.

तारखेवरून मात्र मतभेद राहिले. निम्म्यांना जानेवारी हवा होता. उरलेल्यांचं म्हणणं, जायचं तर आवणीला जाऊ या, आषाढात. तेव्हा त्यांना माणसं लागतात. थंडीत गेलो की आपण त्यांची ऊब संपवतो, पावसात गेलो तर निदान चार रोपं लावू. मला मत विचारलं. मी म्हटलं, आवणीला दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून उभं राहावं लागतं, आणि रतनवाडीचा पाऊस डोंबिवलीसारखा थांबून थांबून पडत नाही. त्यावर दोन नावं आपणहून गळली. बाकीची अजून यादीत आहेत, आणि घरच्यांच्या परवानग्यांसाठी माझं नाव पुन्हा धरलेलं आहे, मला न विचारता.